मावशी, तुला म्हणे होडी लागायची

मावशी, तुझ्या तेराव्याला जे जे आले त्यांनी पानावरून उठता उठता मला एकच प्रश्न विचारला, आणि तो तुझ्याबद्दल नव्हता. घोडीचं काय करणार? गावाहून आलेले तुझे भाचे म्हणाले, विकून टाका. खालच्या किराणावाल्याने सुचवलं, एखाद्या संस्थेला द्या, पुण्य लागेल. ज्यांनी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नाही त्यांची घोड्यांविषयीची मतं मी आमटीचं पातेलं हातात धरून ऐकत होते. आणि तू भिंतीवर हार घालून, या सगळ्याशी आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने बसलेली.

मला तुझा राग आला होता. अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. ते मी नंतर बोलेन. आधी भांडण पुरं करू. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि अर्ध्यावर उठून जायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही.

शेवंतीला मढच्या तबेल्यात हलवायचं की इथेच ठेवायचं, एवढंच ते भांडण. मी म्हणायचे हलवू, तू म्हणायचीस नको. चहा झाला, जेवण झालं, टीव्हीवरची मालिका संपली की पुन्हा तेच. साळवीकाकू वरच्या मजल्यावरून ओरडायच्या, "अगं, तुमची घोडी झोपली असेल आता, तुम्ही पण झोपा!"

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, अंधेरी पूर्वेच्या दीड खोलीत राहणाऱ्या बाईची स्वतःची घोडी आहे, हे ऑफिसात कुणाला सांगितलं की लोक मी थट्टा करतेय असं समजतात. मीही तसंच समजले होते, पहिल्या दिवशी.

तो पहिला दिवस तुला आठवायचा तो वेगळा आणि मला आठवतो तो वेगळा. मी जिंतूरहून बी.एस्सी.चं प्रमाणपत्र आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते. पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी मिळाली होती, पण राहायला जागा मिळत नव्हती. दार उघडायचं, खोली दाखवायचे, पंखा चालतो हेही दाखवायचे, मग नाव विचारायचे. आडनाव सांगितलं की चेहरा तसाच राहायचा, आवाज मात्र मऊ व्हायचा. "तसं आमचं काही नाही हो. पण सोसायटीचे लोक..." इतक्या गोड आवाजात नकार मी गावातही ऐकला नव्हता. गावात निदान तोंडावर बोलतात. शेवटी शेवटी मी फक्त माझं आणि बाबांचं नाव सांगू लागले.

तुझ्या दारातही तेच सांगितलं. "सुजाता भीमराव."

"आणि फुडे?" तू म्हणालीस. "आडनाव काय जिंतुराक इसारलंस? पुरा नाव सांग गो. अर्धा नाव तर पोस्टमनपण घेणा नाय."

"खिल्लारे," मी म्हटलं आणि आवाज मऊ व्हायची वाट पाहिली. तुझा आवाज काही मऊ झाला नाही. उलट चढलाच. "मग सांगूक काय झाला? ये भितूर. चप्पल बाहेर काढ, लादी पुसलंय." दुसऱ्याच आठवड्यात दारावर तुझ्या पाटीखाली दुसरी पाटी लागली, सुजाता भीमराव खिल्लारे, तुझ्या पाटीपेक्षा दोन बोटं मोठी. रंगाऱ्याने माप चुकवलं म्हणालीस. तू रंगाऱ्याला कधी चुकू दिलं असशील यावर माझा अजून विश्वास नाही.

भाड्याची अट तू नंतर सांगितलीस. संध्याकाळचा चारा मी घालायचा. कुणाला, ते सांगितलंच नाहीस. सरळ मागच्या गल्लीत घेऊन गेलीस. तिथे रफिकभाईंचा तबेला, लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणारा. कडेच्या खुंटाला शेवंती बांधलेली. पांढरी, पण तिच्या पांढऱ्यात किंचित पिवळं, जुन्या हस्तिदंतासारखं. मी घोडीला जन्मात हात लावला नव्हता. आमच्या वस्तीतल्या नवरदेवाला घोड्यावर बसवायचं ठरलं की आधी चार बैठका व्हायच्या, एक पोलीस ठाण्यातही, आणि तरी बहुतेक वेळा नवरदेव पायीच मारुतीच्या मागच्या रस्त्याने यायचा. घोडं म्हणजे माझ्या मनात एक भांडणच होतं. तू माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवलास आणि म्हणालीस, "बोटा सरळ ठेव, नायतर तीपण खाईल." तिचे ओठ तळहाताला लागले तेव्हा मी किंचाळले. ती दचकलीसुद्धा नाही. तू मात्र हसून हसून तिथल्या बादलीवर बसलीस.

तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक छोटा भोवरा आहे. गालावरून थेंब ओघळावा तसा. घोड्याच्या बाजारात त्याला आसू म्हणतात. असं जनावर ज्या दारात बांधाल त्या दारात रडणं येतं, अशी समजूत. आधीच्या मालकाने रफिकभाईंना हे सांगितलं नव्हतं, आणि वरातीच्या झालरीखाली तो भोवरा एक हंगामभर दिसलाही नाही. मग एका लग्नात नवऱ्याच्या मामाने मोती नीट करायला म्हणून झालर वर केली. वरात जागच्या जागी थांबली. नवरदेव खाली उतरला आणि रिक्षात बसून लग्नाला गेला. रफिकभाई तिला विटांच्या गाडीवाल्याला द्यायला निघाले होते, आणि तू दुधाच्या पिशव्या घेऊन नेमकी तिथून चालली होतीस. पुढचं तू दर वेळी वेगळं सांगायचीस. एकदा म्हणालीस, मला तिची दया आली. एकदा म्हणालीस, मला त्या मामाचा राग आला. मला दुसरं खरं वाटतं. दया येणारी बाई तू नव्हतीस.

तबेल्यात तिचं नाव चांदनी होतं. ते तू पहिल्याच दिवशी बदललंस. "मुंबईतली अर्धी घोडी चांदनीच हत. हाक मारली तर चार येतीत."

हे सगळं छान चाललं होतं. सकाळचा खरारा तुझा, संध्याकाळचा चारा माझा. मग तबेल्यामागच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहू लागली. घोड्यांना जिथे तास दोन तास लगाम धरून फिरवायचे ती मातीची पट्टी गेली. राहिला तो कोबा, सिमेंटचा, बारा महिने कडक. शेवंती पुढचे पाय आळीपाळीने उचलू लागली. जनावरांचे डॉक्टर आले, खूर दाबून पाहिले आणि स्पष्ट म्हणाले, "हिला मऊ जमीन पाहिजे. या कोब्यावर ठेवलीत तर पुढच्या वर्षी ही उभी राहील याची खात्री मी देत नाही." रफिकभाईंनीच मढचं नाव सुचवलं. तिकडे बबनशेठ म्हणून एकांचा तबेला आहे, शूटिंगला घोडे देतात, दुसऱ्यांचेही सांभाळतात, आणि अख्खं आवार वाळूचं. "ले जाओ कुंदाजी," ते म्हणाले, "इधर अब जमीन कहाँ बची है?"

स्वतः तबेलेवाला सांगतोय घेऊन जा, डॉक्टर सांगताहेत घेऊन जा, आणि तू? तुझी कारणं मला पाठ आहेत. तिथे खारं वारं लागतं. शूटिंगचे दिवे डोळ्यांवर येतात. तिथला चारा कसा असेल कुणास ठाऊक. बबनशेठची मिशी मला आवडत नाही. (मिशी! त्या माणसाला तू पाहिलेलंही नाहीस असं मी तेव्हा समजत होते.) मी एकेक कारण खोडून काढायचे, शाळेत वादविवाद स्पर्धेत शिकवलं होतं तसं, मुद्देसूद. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुझा शिक्षाण तुझ्याकडेच ठेव."

शेवटच्या भांडणात तू होडी काढलीस. वर्सोव्याहून मढला पलीकडे जायला होडी आहे, पाच मिनिटांत पोचवते. रस्त्याने मालाडला वळसा घालून जायचं म्हणजे अर्धा दिवस. मी म्हटलं, तू सकाळी होडीने जाशील, मी सुट्टीच्या दिवशी जाईन, बाकीचे दिवस तिथली माणसं बघतील.

"माका होडी लागता," तू म्हणालीस.

"काय?"

"पोटात ढवळता. तुका काय कळता?"

"मावशी, तू मालवणची ना? तुझे आजोबा होडीवर होते ना? मालवणची बाई आणि होडी लागते?"

"आजोबांक लागा नाय. माका लागता. गप रव आता." आणि तू अर्धा कप चहा तसाच टाकून उठलीस. दारातून मागे वळून म्हणालीस, "माझ्या मागून काय ता कर."

त्याच आठवड्यात तू गेलीस. सकाळी, गॅसवर दूध ठेवून. दूध उतू गेलं म्हणून मी ओरडले, आणि तू उत्तर दिलं नाहीस.

साळवीकाकू बिचाऱ्या तेरा दिवस डबे देत होत्या, त्यांच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण चौथ्या दिवशी पोळ्यांचा डबा ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं हो कुंदाला. आसूवाली घोडी. ज्या दारात बांधाल..."

"काकू, ती दारात कुठे बांधली होती? ती तबेल्यात होती."

"तेच ते गं."

"मग रफिकभाई कसे ठणठणीत आहेत?"

त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "ते त्यांच्यात चालत नसेल." मी पोळी तोंडात कोंबली.

तेरावं झालं. भाच्यांनी घर सध्या आहे तसंच ठेवलंय, मला राहू दिलंय, हे त्यांचे उपकार. घोडीचा निर्णय त्यांनी माझ्यावर टाकला. रविवारी मी वर्सोव्याला गेले आणि होडीत बसले. जन्मात पहिल्यांदा. आमच्याकडे धरण आहे, पण त्यात होडीत बसायची चैन कुणी केली नाही. पाच मिनिटांची ती होडी. तिसऱ्या मिनिटाला माझ्या पोटात जे काही ढवळलं, मावशी! शेजारच्या कोळीणबाईने मला टोपलीच्या कडेला धरून बसवलं. "पोरी, लांब बघ. पान्यात नको बघू." पलीकडे उतरल्यावर मी जेट्टीवर बराच वेळ डोकं धरून बसले होते आणि मनात तुझी माफी मागत होते. बिचारी खरंच बोलत होती. होडी लागते. आपण उगाच टोमणे मारले.

बबनशेठांनी चांगलं स्वागत केलं. खुर्ची, पाणी, चहा. मिशी खरोखरच मोठी आहे. मी माझं नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, "तुम्ही कुंदाबाईंच्या ना? रफिकचा फोन होता. फार वाईट झालं. इथे आल्या तेव्हा किती टुकटुकीत होत्या."

"इथे? त्या इथे कधी आल्या?"

"आल्या की. दोनदा. होडीनेच. पहिल्या वेळी तर होडीवाल्याला सुकाणू कसं धरायचं ते शिकवून आल्या म्हणे. दुसऱ्या वेळी जाताना जेट्टीवर बोंबील घेतले."

ते बोंबील मी खाल्लेत, मावशी. कुरकुरीत तळून वाढले होतेस. "बाजारात बरे गावले," म्हणाली होतीस. मी हातातला कप खाली ठेवला.

"मग जागा नव्हती का तुमच्याकडे?" मी विचारलं.

बबनशेठांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. त्यांचा आवाज मऊ झाला. आणि त्या मऊपणाबरोबर पुढचं वाक्य काय असणार ते मला कळलं, शब्दासकट.

"तसं आमचं काही नाही हो. मी स्वतः मानत नाही. पण इथे बाकीच्या घोड्यांचे मालक येतात, शूटिंगवाले येतात. आसूवाली घोडी आवारात आहे कळलं, की उद्या कुणाचा घोडा ठेचाळला तरी माझ्या डोक्यावर. वाईट वाटून घेऊ नका. आणि आता बघा ना... बाई गेल्याच."

"बाई पंच्याहत्तरीच्या होत्या," मी म्हटलं. "त्यांच्या साखरेचे रिपोर्ट मी स्वतः काढायचे. त्यांना आसूने नाही नेलं, आमरसाने नेलं."

ते ओशाळले. माणूस वाईट नाही, हेच मला जास्त असह्य झालं. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. त्यांनी मला सगळं आवार दाखवलं. मऊ, भुसभुशीत वाळू, घोटा बुडेल अशी. घोड्यांच्या तोंडावर माशांसाठी बारीक जाळ्या, डोळ्यांवरून गालापर्यंत येणाऱ्या. त्यातून त्यांना दिसतं, पण माश्या बसत नाहीत. एका जाळीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मी बाईंना तोडगा सांगितला होता. ही जाळी घाला, कायमची. भोवरा झाकला जाईल. इथे सगळेच घोडे घालतात, कोण विचारणार? मी आजही घ्यायला तयार आहे."

"मग त्या काय म्हणाल्या?"

बबनशेठ मालवणी नाहीत, तरी त्यांनी तुझी नक्कल बरी केली. "'तिचा तोंड तिचा हा. ता कित्याक झाकूचा?' असं म्हणाल्या आणि चहा अर्धा टाकून गेल्या."

हो. अर्धा टाकूनच गेली असशील.

परतीच्या होडीत मी लांब बघितलं नाही की पाण्यात बघितलं नाही. तुझ्याशी भांडत होते. समोरचा माणूस घाबरून दुसऱ्या फळीवर जाऊन बसला, बहुधा माझे ओठ हलत असावेत.

मला का सांगितलं नाहीस? एवढं सोपं होतं. "तो माणूस घेणा नाय, भोवऱ्यामुळे." एक वाक्य. त्याऐवजी तू महिनोन् महिने खारं वारं, दिवे, मिशी आणि होडी असली कारणं रचत बसलीस, माझ्याकडून हट्टी, अडाणी, भित्री म्हणवून घेतलंस. कशासाठी ते मला कळतं. तुला वाटलं, पोरीने हे वाक्य पुष्कळ दारांत ऐकलंय, आता घोडीच्या निमित्ताने आणखी एकदा नको. मावशी, असलं बोलणं मी शाळेतल्या पाण्याच्या हौदापासून ऐकत आलेय. तुझ्यापेक्षा मला ते चांगलं पाठ आहे, ते ऐकून मी मोडत नाही. मोडले असते तर जिंतूरलाच राहिले असते. ज्या बाईने मला दारात उभं करून पुरं नाव सांगायला लावलं, तीच माझ्यापासून ही गोष्ट झाकून ठेवते? नाव झाकायचं नाही आणि गोष्ट झाकायची, हा कुठला न्याय?

आणि दुसरं. तू जाळी नाकारलीस ते बरोबरच केलंस, असं माझं एक मन म्हणतं. ते ऐकलं तेव्हा, तिथे, बबनशेठांसमोर, मला तुझा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले आणि त्यांना वाटलं चहा कडू झालाय. पण मावशी, त्या कोब्यावर तू उभी नव्हतीस. तत्त्व आपलं आणि पाय तिचे. शेवंतीला भोवरा म्हणजे काय ते माहीत नाही. तिला आरसा माहीत नाही. तिला सिमेंट माहीत आहे, आणि पुढचा डावा खूर दुखतो ते माहीत आहे.

हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं, जर तू मला सांगितलं असतंस. मग आपण खरं भांडलो असतो, खऱ्या गोष्टीवरून. तू ते भांडण माझ्याकडून काढून घेतलंस. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

रात्रंदिवस डोक्यात तेच. दुसरा तबेला शोधला. एक मुलुंडला होता, तिथेही कोबाच. बोरिवलीच्या एकाने फोनवरच विचारलं, "खोड काय काय आहे घोडीत?" मी म्हटलं, "खोड नाही, भोवरा आहे." "कुठे?" "डोळ्याखाली." त्याने फोन ठेवला. निदान आवाज मऊ केला नाही त्याने. घाटकोपरच्याने घ्यायची तयारी दाखवली, पण आधी भोवऱ्याला डाग द्या म्हणाला. म्हणजे लोखंड तापवून तिथली कातडी जाळायची, मग आसू राहत नाही. मी त्याला काय बोलले ते तुला ऐकायला आवडलं असतं. त्यातले काही शब्द तुझेच होते.

बाबा आमच्या तालुक्याच्या शाळेत शिपाई होते, तुला माहीत आहे. मला पहिलीत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी दाराशी बसायला सांगितलं होतं. बाबांनी भांडण केलं नाही. मला म्हणाले, "आधी आत जा. भांडण आतून करायचं असतं, बाहेरून कुणी ऐकत नाही." मी दाराशी बसले, पहिला नंबर आणला, आणि मग बाबा मुख्याध्यापकांकडे जाऊन बोलले. तुला ही गोष्ट सांगितली होती, तेव्हा तू फणकारलीस. "तुझो बापूस शहाणो. मी असतंय तर मास्तराक भायर काढलंय असता." असा तुझ्यात आणि माझ्यात फरक. तू दारातच भांडणारी. तुला ते परवडायचं.

मी बबनशेठांना फोन केला. जाळी घालून आणते म्हटलं.

निघायच्या दिवशी रफिकभाईंनी शेवंतीला स्वतः खरारा केला. त्यांची माणसं बघत राहिली. शेठ कधी बादली उचलत नाही आणि आज ब्रश घेऊन बसलाय. मी जाळी बांधली तेव्हा ते म्हणाले, "कुंदाजी होती तो ये नहीं होने देती." मी म्हटलं, "होत्या तेव्हा पायही बरे झाले नाहीत." त्यांनी खांदे उडवले फक्त.

टेम्पो आला. फळी लावली. शेवंती फळीपर्यंत गेली आणि थांबली. ओढली, ढकलली, गूळ दाखवला, हरभरे दाखवले, चढायचं नाव नाही. गल्लीतली माणसं जमली आणि प्रत्येकाने एक सल्ला दिला. डोळे झाका. शेपटी धरा. मागून फटाका लावा. हा शेवटचा सल्ला देणाऱ्याकडे मी असं पाहिलं की तो घरी गेला. शेवटी रफिकभाईंनी कपाळावर हात मारला, खिशातून मोबाइल काढला आणि वरातीचा बँड लावला, अगदी मोठ्या आवाजात. शेवंतीचे कान उभे राहिले. मान ताठ झाली. आणि नवरदेव पाठीवर असावा तशी ती एक पाय, मग एक पाय, तालात टेम्पोत चढली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. तुझ्याशिवाय पहिल्यांदा हसले मी त्या दिवशी, आणि लगेच इकडे तिकडे बघितलं, तू बादलीवर बसली असशील म्हणून.

साळवीकाकू खाली येऊन लांब उभ्या होत्या. "तोंड झाकलंस ते फार बरं केलंस हो," म्हणाल्या. इतकी बोचरी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

मालाडहून मढपर्यंत टेम्पोत तिच्या मानेला धरून उभी होते. जाळीवरून हात फिरवताना भोवरा बोटांना लागत होता. मी तिला सांगत होते, आधी आत जाऊ. आधी आत.

बबनशेठांनी आवाराचं फाटक उघडलं. शेवंतीने वाळूवर पहिला पाय ठेवला, तो रुतला तसा वर घेतला. पुन्हा ठेवला. नाक खाली नेऊन जोरात हुंगलं, वाळू उडाली. मग ती एका जागी गोल फिरली, एकदा, दोनदा, पुढचे गुडघे मोडले, आणि मला काही कळायच्या आत धाडकन आडवी झाली. मी ओरडले. मला वाटलं, संपलं, पाय गेले.

ती लोळत होती, मावशी.

पाठीवर, चारही पाय आभाळाकडे, या कुशीवरून त्या कुशीवर. मान वाळूत घासत होती, गाल घासत होती, नाकातून फुरफुर आवाज काढत होती. वर्षानुवर्षांचं सिमेंट अंगावरून काढून टाकावं तशी. तू तिला लोळताना कधी पाहिलं नाहीस. कोब्यावर कोण लोळणार? एवढी वर्षं तू तिचा खरारा केलास, आणि हे एक तुझं पाहायचं राहिलं. ते आठवलं आणि फाटकाला धरून मी जी रडले ती तेराव्यालासुद्धा रडले नव्हते. बबनशेठ घाबरून म्हणाले, "अहो, काही नाही, खूश झाली की लोळतात." मी म्हटलं, "माहीत आहे." मला माहीत नव्हतं.

ती उठली, अंग झाडलं. जाळी फाटून वाळूत पडली होती, तिच्याच खुराखाली. डोळ्याखालचा भोवरा वाळूने माखून आणखीच उठून दिसत होता. बाजूच्या कुंपणापाशी कुणाचा तरी काळा घोडा मान काढून तिला हुंगायला आला. तिनेही मान पुढे केली. कुणी ठेचाळलं नाही.

"जाळी," बबनशेठ म्हणाले. "दुसरी आहे माझ्याकडे. घाला तेवढी."

त्यांनी नवी जाळी माझ्यासमोर धरली. मी ती घेतली नाही. "तुम्ही घाला ना," मी म्हटलं. "आता सांभाळणार तुम्हीच."

ते दोन पावलं पुढे गेले. शेवंतीने डावा गाल त्यांच्यासमोर केला. ते थांबले. जाळी बांधायची तर हात भोवऱ्यावरूनच न्यावा लागतो. आसूला हात लावायचा नसतो, असंही त्यांच्यात आहे म्हणे.

"तुमच्या हाताची सवय आहे तिला," ते म्हणाले.

"माझी होडी चुकेल," मी म्हटलं, आणि निघाले.

ती जाळी फाटकाजवळच्या खिळ्याला अजून लटकतेय. दर रविवारी ते म्हणतात, जाळीचं बघा हं. मी हो म्हणते. मधल्या काळात त्यांनी फाटकाला लिंबू-मिरची बांधली होती, बाकीच्या घोड्यांच्या रक्षणासाठी. तिसऱ्या दिवशी शेवंतीने त्यातलं लिंबू खाल्लं. काळ्या घोड्याच्या मालकाने विचारलं, ही कुणाची घोडी, डोळ्याखाली काय आहे? बबनशेठांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुरं सांगितलं. कुंदामावशीची आणि सुजाता भीमराव खिल्लारेची. आणि तो भोवरा आहे, आसूचा. तो माणूस "बरं" म्हणाला आणि आपल्या घोड्याकडे गेला. पुढे तो काय करतो ते बघायचं. कदाचित घोडा घेऊन जाईल. कदाचित बबनशेठ उद्या मला फोन करतील, मऊ आवाजात. तेव्हा भांडेन. आता मी आत आहे.

ती पाय आळीपाळीने उचलायची थांबलीय, हे तुला सांगायचं होतं.

तू जिंकलीस असं समजू नकोस. मी तिला हलवलं. आणि मी जिंकले असंही म्हणवत नाही, कारण तिचं तोंड उघडंच राहिलं, तुला हवं होतं तसं. चांगलं बोलेन म्हटलं होतं, ते एवढंच. बाकीचं मनात येतं, पण ते बोलायला लागले की तू "गप रव" म्हणतेस, अजून.

येताना जेट्टीवर बोंबील घेते. तळायला तुझ्यासारखे जमत नाहीत. आणि होडी, मावशी, मालवणच्या बाईला लागत नव्हती, पण मला खरंच लागते. दर रविवारी, जाताना आणि येताना. लांब बघत बसते.